थांबवलेल्या प्रयोगाला किती गुण?

"हा एकच लाल का?" रेमंडने स्क्रीनवरच्या एका नावाकडे पेनाने खूण करत विचारलं.

नाव संकेतचं होतं. बाकीची नावं हिरवी होती, अधूनमधून पिवळी.

"इनोव्हेशनचं टार्गेट शून्य," एचआर प्रमुख शर्लीन म्हणाली. "पायलट मध्येच बंद केला."

"म्हणजे पुढे काय?"

"लाल असेल तर पास रिन्यूअलची शिफारस जात नाही. त्याचा पास मार्चमध्ये संपतोय."

संकेत माझ्या विभागातला. त्यामुळे टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे पाहू लागले.

आमची कंपनी सिंगापूरमध्ये लिफ्टची देखभाल करते. त्यातल्या बऱ्याचशा लिफ्ट एचडीबीच्या, म्हणजे सरकारने बांधलेल्या मोठ्या वसाहतींच्या इमारतींमध्ये आहेत. मी सर्व्हिस ऑपरेशन्स पाहते: कुठली लिफ्ट बंद पडली, कोण टेक्निशियन गेला, किती वेळात चालू झाली. रेमंड आमचा एमडी. डिसेंबरमध्ये आम्ही विभागप्रमुख एका खोलीत बसून सगळ्यांचं वर्षभराचं मूल्यमापन एकमेकांशी ताडून बघतो. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. एका विभागाचा साहेब सढळ आणि दुसऱ्याचा कडक, असा फरक राहू नये हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात ज्याचं नाव स्क्रीनवर असतं तो खोलीत नसतो आणि त्याच्या वतीने बोलायचं की नाही, हे त्याचा मॅनेजर ठरवतो.

पासबद्दलही सांगायला हवं. भारतातून इथे नोकरीला आलेला इंजिनिअर एम्प्लॉयमेंट पासवर राहतो. तो पास ठरावीक मुदतीचा असतो आणि वाढवण्यासाठी अर्ज कंपनीनेच करावा लागतो. कंपनीने अर्ज केला नाही तर नोकरी जातेच, शिवाय बायको-मुलांचे पासही त्याच पासवर अवलंबून असतात. संकेतची मुलगी चोआ चू कांग या उपनगरात केजीत जात होती. त्याच्या भाड्याच्या फ्लॅटचा करारही मार्चमध्येच संपत होता आणि घरमालकीणबाई पास दाखवल्याशिवाय नवा करार करायला तयार नव्हत्या.

हे सगळं सुरू झालं ते जानेवारीत. रेमंड एक मॅनेजमेंट कोर्स करून आला होता. टाऊनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, त्याने जाहीर केलं, "मला नव्या कल्पना हव्यात. फसल्या तरी चालतील. या वर्षी मला काही फसलेले प्रयोग बघायचेच आहेत." लोक हसले. टाळ्या झाल्या. जेवायला चिकन राइस होता.

सभेतलं वाक्य कंपनीत टिकवायचं तर त्याचा नियम करावा लागतो. ते काम शर्लीनकडे आलं. तिने प्रत्येक विभागाला एक पायलट करायला सांगितला. पायलट म्हणजे नवी गोष्ट आधी छोट्या प्रमाणात करून बघणं. पायलटला एक जबाबदार माणूस आणि त्याच्या वार्षिक मूल्यमापनात त्याचे गुण. पायलट पूर्ण होऊन कंपनीभर लागू झाला तर हिरवा. चालू असेल तर पिवळा. बंद केला तर लाल. नियम आम्हा सगळ्यांना मेलवर आला होता आणि सगळ्यांनी "ओके" कळवलं होतं.

माझ्या विभागातून संकेतने हात वर केला. तो मूळचा पुण्याचा, कंट्रोल सिस्टिम्सचा इंजिनिअर. त्याची कल्पना लिफ्टच्या दरवाजांबद्दल होती.

लिफ्ट बंद पडते म्हटलं की लोकांना दोर, मोटर, असलं काही डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात बहुतेक तक्रारी दरवाजांच्या असतात. दरवाजा ज्या खाचेत सरकतो तिथे वाळू, बॉटलची झाकणं, सुपारीएवढे खडे अडकतात. सामानाच्या ट्रॉल्या दरवाजाला धडकतात. दरवाजा नीट मिटला नाही की लिफ्ट सुरक्षेसाठी हलतच नाही. संकेतचं म्हणणं असं, की खाचेत कचरा साठू लागला की दरवाजाच्या मोटरला जास्त जोर लावावा लागतो. हा जोर सेन्सरने मोजला तर दरवाजा अडकण्याच्या आधीच टेक्निशियन पाठवता येईल. म्हणजे लिफ्ट बंद पडायच्या आत दुरुस्त.

कल्पना चांगली होती. वर्कशॉपमधल्या चाचणीच्या लिफ्टवर सेन्सर अचूक चालला. चोआ चू कांगमधल्या काही ब्लॉकमध्ये ते बसवायचे ठरले. मी रेमंडकडे या प्रयोगापुरता एक जादा टेक्निशियन मागितला.

"आहे त्या माणसांत करा," तो म्हणाला. "छोटा तर पायलट आहे."

सेन्सर बसले आणि अलार्म सुरू झाले.

त्या भागाचा सुपरवायझर हारिस. सगळे टेक्निशियन त्याच्या हाताखाली. पहिल्याच आठवड्यात त्याचा संकेतला फोन आला. मी शेजारीच होते आणि फोन स्पीकरवर होता.

"ब्रो, तुझ्या मशीनने परत बोलावलं. माझा माणूस गेला. दरवाजा एकदम ओके."

"मग अलार्म का वाजला?"

"एक आंटी दरवाजा धरून उभी होती, लाह." बोलताना वाक्याला "लाह" जोडायची इथली सवय. " तिची मैत्रीण मार्केटमधून येत होती. हळूहळू. ट्रॉली घेऊन."

"तेवढ्याने वाजायला नको."

"मग तू आंटीला सांग ना."

संकेतने सेटिंग बदललं. मग कुणीतरी घर बदलताना दरवाजात पुठ्ठा खोचून ठेवला. मग एका कुटुंबाकडे लग्न होतं आणि सकाळभर दरवाजा कुणाच्या ना कुणाच्या हातात होता. सेटिंग सैल केलं की खाचेतला खरा कचरा सुटायचा आणि घट्ट केलं की आंटी सापडायच्या. वर्कशॉपमधल्या लिफ्टला शेजारी नव्हते, हा फरक.

हारिसची माणसं खोट्या अलार्मवर धावत राहिली. त्यातच एक दिवस जवळच्याच ब्लॉकमध्ये दुसरी एक लिफ्ट खरोखर बंद पडली. आत एक वयस्कर गृहस्थ होते, हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारातून, दुपारचं जेवण बांधून घेऊन निघालेले. जवळचा टेक्निशियन त्या वेळी संकेतच्या एका अलार्मवर गेला होता. ठरलेल्या वेळेपेक्षा बराच उशीर झाला. गृहस्थ लिफ्टमध्ये खाली बसून राहिले. त्यांना इजा झाली नाही, पण त्यांच्या मुलीने वसाहतीच्या ऑफिसकडे तक्रार केली आणि ते ऑफिस म्हणजे आमचा क्लायंट.

दुसऱ्या दिवशी संकेत माझ्याकडे आला. "मॅडम, हे थांबवायला पाहिजे. दरवाजा हाताने धरलाय की कचऱ्याने अडलाय, हे या सेन्सरला कळत नाही. आणि कळणारही नाही. मी सगळं करून बघितलं."

"नक्की?"

"नक्की. उगाच ताणण्यात अर्थ नाही."

आम्ही सेन्सर काढले. मी रेमंडला कळवलं. त्याने "नोटेड" असं उत्तर पाठवलं. विषय संपला असं आम्हाला वाटलं.

डिसेंबरच्या त्या खोलीत तो लाल होऊन परत समोर आला.

"एक प्रश्न विचारू?" मी शर्लीनला म्हणाले. "संकेतने ते सेन्सर डिसेंबरपर्यंत तसेच ठेवले असते तर?"

तिने नियम पाहिला. "चालू आहे, म्हणजे पिवळा."

"आणि पिवळ्याला रिन्यूअलची शिफारस जाते?"

"जाते."

"म्हणजे लोकांना त्रास होत असताना प्रयोग चालू ठेवला तर नोकरी राहते. वेळेत थांबवला तर जाते."

"मी नियम सगळ्यांना पाठवला होता," शर्लीन म्हणाली. "तेव्हा तू काही बोलली नाहीस. कुणीच बोललं नाही." तिचं म्हणणं बरोबर होतं.

मी इतरांचे पायलट स्क्रीनवर घ्यायला सांगितले. फायनान्सचा पायलट होता टॅक्सीची बिलं मोबाइलवरून भरण्याचा. त्याला त्यांनी एका पक्ष्याचं भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. स्टोअर्सचा पायलट होता सुट्या भागांवर बारकोड लावण्याचा.

"वेंडी," मी फायनान्स प्रमुखाला विचारलं, "मी टॅक्सीचं बिल मोबाइलवरून गेल्या वर्षीच्या दिवाळीतही भरलं होतं. ना?"

वेंडी हसली. "तेव्हा आम्ही टेस्ट करत होतो."

"आणि बारकोड?"

स्टोअर्सचा प्रमुख म्हणाला, "ते आधीपासून अर्धं झालेलंच होतं. म्हटलं, तेच देऊ. सेफ."

इथे एक शब्द सर्रास वापरतात: कियासू. मागे पडण्याची, काहीतरी हातचं जाण्याची सतत धास्ती असलेला माणूस. लोक तो स्वतःबद्दलही हसत हसत वापरतात. त्या यादीला तो चपखल बसत होता. आमच्याशिवाय प्रत्येक विभागाने काम आधीच मार्गी लावलं होतं, खात्री करून घेतली होती आणि मग त्यालाच प्रयोग म्हटलं होतं.

रेमंडने खुर्ची मागे ढकलली. "म्हणजे माझ्या कंपनीचं वर्षभराचं इनोव्हेशन खोटं आहे, असं म्हणायचंय तुला?"

"खोटं नाही. जुनं आहे."

रेमंड माझ्याकडे बघत म्हणाला, "ठीक. पण एक म्हातारा माणूस लिफ्टमध्ये अडकला होता. क्लायंटची तक्रार आली. ती मी निस्तरली, तू नाही. संकेतला मी हिरवं केलं तर उद्या प्रत्येक जण काहीतरी बिघडवेल आणि म्हणेल, इनोव्हेशन होतं. तेव्हा काय करू?"

प्रश्न रास्त होता. फसलेला प्रयोग फुकट नसतो. त्याची किंमत बहुतेक वेळा तिसराच माणूस भरतो. या प्रकरणात तो जेवणाची पिशवी मांडीवर घेऊन लिफ्टमध्ये बसला होता.

"तो माणूस सेन्सरमुळे अडकला नाही," मी म्हणाले. "टेक्निशियन नव्हता म्हणून अडकून राहिला. प्रयोगासाठी आम्ही एक जादा माणूस मागितला होता. तुम्ही म्हणालात, आहे त्या माणसांत करा."

रेमंडने पेन टेबलावर ठेवलं, परत उचललं.

"म्हणालो होतो," तो म्हणाला. "उद्या सांगतो. पुढचं नाव घ्या."

कॅलिब्रेशनमधलं बाहेर बोलायचं नसतं. पण लोकांना वास लागतोच. दुसऱ्या दिवशी दुपारी संकेत हॉकर सेंटरमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. ऑफिसमध्ये तो मला मॅडम म्हणतो, बाहेर ताई.

"ताई, एकच विचारतो. पुण्याला मित्राला फोन करून ठेवू का? त्याच्या कंपनीत जागा निघतेय म्हणतात."

"मला सांगता येणार नाही, संकेत."

"येणार नाही म्हणजे वाईट आहे, की नियम आहे?"

"नियम आहे."

"आमची कार्टी घरी प्रत्येक गोष्टीला विचारते, कॅन ऑर कॅनॉट? तिला मधलं उत्तर चालतच नाही. आता मला कळतंय तिला काय होतं ते." त्याने नूडल्स ढवळल्या, खाल्ल्या नाहीत. "घरमालकीण रोज मेसेज करते. चांगली आहे बाई. स्मायली टाकते आणि विचारते, पास केम ऑर नॉट येट."

"मृण्मयीला सांगितलंस?" मी त्याच्या बायकोबद्दल विचारलं.

"काय सांगू? दरवाजा धरणाऱ्या बायकांमुळे नोकरी जातेय, असं?" मग तो म्हणाला, "राहिलो तर पुढच्या वर्षी मीसुद्धा बारकोडच लावणार आहे, ताई. कशावर तरी."

मी ते वाक्य रेमंडला जसंच्या तसं सांगितलं. नाव सांगायची गरज नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी रेमंडने संकेतला केबिनमध्ये बोलावलं. मीही होते.

"हे का फसलं, मला समजेल असं सांग," रेमंड म्हणाला.

संकेतने व्हाइटबोर्डवर दरवाजा, खाच आणि हात काढला. हात बोटांसकट. मोटरला कळतं फक्त एवढंच, की दरवाजा सरकत नाहीये. का सरकत नाही, ते कळत नाही. त्याने सगळं न सजवता सांगितलं.

"परत केलास तर कसा करशील?"

"परत करणार नाही."

रेमंडला हे उत्तर अपेक्षित नसावं. "काहीतरी सुधारणा असेल ना. कॅमेरा?"

"दरवाजाच्या खर्चापेक्षा कॅमेऱ्याचा खर्च जास्त. शिवाय लोक लिफ्टमध्ये काय करतात ते आपण बघत बसायचं, हे त्यांना चालणार नाही. मलाही चालणार नाही."

"मग कंपनीला या सगळ्यातून काय मिळालं?"

संकेत माझ्याकडे न बघता म्हणाला, "फार काही नाही. या वाटेने जायचं नाही, एवढं कळलं."

"महागडी वाट होती, लाह," रेमंड म्हणाला. पण त्याने बोर्ड पुसला नाही. "गुड नाइट, संकेत. घरी जा."

संकेत गेल्यावर रेमंड बोर्डवरच्या हाताकडे बघत होता. "या वर्षी मला खरं उत्तर देणारा हा पहिलाच," तो म्हणाला. "आणि आपण त्यालाच घालवायला निघालो होतो."

निर्णय असा झाला. संकेतचा लाल काढून पिवळा केला, हिरवा नाही. क्लायंटची तक्रार खरी होती आणि अलार्मचा भार हारिसच्या माणसांवर किती पडेल याचा अंदाज त्याने आधी घ्यायला हवा होता, असं रेमंडने त्याला तोंडावर सांगितलं. पगारवाढ बेताची मिळाली. रिन्यूअलची शिफारस पाठवली गेली.

जानेवारीच्या टाऊनहॉलमध्ये रेमंडने भाषण छोटं केलं. मागच्या वर्षी फसलेले प्रयोग मागितले होते, म्हणाला, एक मिळाला आणि तो आम्ही जवळजवळ शिक्षेच्या खात्यात टाकला. मग नवा नियम सांगितला. पायलट सुरू करतानाच सांगायचं, की काय झालं तर हा थांबवू. तसं झाल्यावर थांबवला तर तो पूर्ण झाला असं धरायचं. प्रयोगासाठी लागणारा जादा माणूस एमडीच्या बजेटमधून मिळेल. आणि आधीच चालू असलेलं काम पायलट म्हणून चालणार नाही.

या वेळी टाळ्या कमी झाल्या. लोक आपापल्या विभागप्रमुखाकडे बघत होते.

पहिला परिणाम म्हणजे पायलट आटले. बऱ्याच विभागांनी कळवलं, सध्या काही नाही. शर्लीन हवालदिल झाली. तिचा डॅशबोर्ड, म्हणजे स्क्रीनवरचा प्रगतीचा तक्ता, रिकामा दिसत होता आणि तो तिला हेड ऑफिसला पाठवायचा होता.

"रिकामा पाठव," रेमंड म्हणाला.

"ते विचारतील."

"मग सांग, गेल्या वर्षी भरलेला होता. तेव्हा का नाही विचारलं?"

वेंडीने एक पायलट घेतला आणि दोन आठवड्यांत थांबवला. पुढच्या सभेत तिने उभं राहून ते सांगितलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळेना. शेवटी रेमंडने वाजवल्या, मग इतरांनी.

संकेत मात्र गप्प होता. मी त्याला पायलटबद्दल दोनदा विचारलं. एकदा म्हणाला, विचार करतोय. दुसऱ्यांदा त्याने टेक्निशियनच्या ड्युटीचा तक्ता मोबाइलवर आणण्याची कल्पना दिली. ती कधीच फसली नसती. हारिस तो तक्ता व्हॉट्सअॅपवर टाकतच होता.

मार्चच्या सुरुवातीला पासला मंजुरी आली. घरमालकीणबाईंना त्याने त्याच दिवशी कळवलं. मृण्मयीने ऑफिससाठी बेसनाचे लाडू पाठवले. हारिसने दोन खाल्ले आणि तिसरा खिशात टाकला.

त्याच आठवड्यात संकेतचा मेल आला. लिफ्ट बंद पडल्यावर आत अडकलेल्या माणसाशी बोलण्याच्या पद्धतीत बदल सुचवला होता. तपशील आधीच तयार होते. काय झालं तर थांबवायचं, तेही लिहिलेलं होतं. चालेल की नाही, मला सांगता येत नव्हतं. त्यालाही येत नव्हतं, असं त्याने पहिल्याच ओळीत म्हटलं होतं.

मी तो मेल रेमंडला दाखवला. त्याने दोनदा वाचला.

"हे एका आठवड्याचं काम नाही," तो म्हणाला. "इतके दिवस का नाही पाठवलं? नवा नियम तर मी जानेवारीतच सांगितला होता."

"नियम जानेवारीत आला. पास मार्चमध्ये आला."

त्याने प्रयोगाला मंजुरी दिली, जादा टेक्निशियनही दिला. मग शर्लीनला फोन करून विचारलं, या वर्षी आणखी कुणाकुणाचे पास संपतायत. पासचा अर्ज मुदत संपण्याच्या बराच आधी करता येतो. आमच्याकडे तो शेवटच्या महिन्यापर्यंत ठेवायची पद्धत होती, कारण काही नव्हतं.

आता आमच्याकडे नव्या कल्पना मागवण्याचं सर्क्युलर त्या वर्षातले पासचे सगळे अर्ज भरून झाल्यावर निघतं. आधी पास, मग कल्पना या क्रमात इनोव्हेशनसारखं दिसणारं काही नाही, म्हणून कुठल्याही कोर्समध्ये ते शिकवत नसावेत. माणसं साहेबाचं भाषण लक्षात ठेवत नाहीत. भाषणावर विश्वास ठेवून जो आधी पुढे गेला त्याचं पुढे काय झालं, ते मात्र नीट बघून ठेवतात, आणि मग आपली कल्पना पाठवायची की बारकोड, ते ठरवतात.